आधी उतरायचे, मग चढायचे

सह्याद्रीत कडे चढणाऱ्या माणसाचा एक हिशेब ठरलेला असतो. पायथ्याच्या गावात मारुतीच्या देवळात मुक्काम, पहाटे निघायचे, सुळक्याच्या बुडाशी सामान उघडायचे आणि वर जायचे. जमले तर माथा, नाही जमले तर दोर लावून खाली. खाली गाव असते, चहा असतो, पिठलं-भाकरी असते. माघार ही या खेळातली सर्वांत सोपी गोष्ट. मन थोडे खट्टू होते, एवढेच; हातपाय शाबूत राहतात.

समुद्रकड्यावर हा सगळा हिशेब उलटा होतो. तिथे गाव वर, चहा वर, गाडीही वर. माथ्यावरच्या गवतातून चालत कड्याच्या कडेपर्यंत यायचे, दोर लावून पार पाण्याच्या काठापर्यंत उतरायचे आणि मग चढून बाहेर पडायचे. म्हणजे पहिलीच कृती माघारीची वाट मागे टाकणारी. सह्याद्रीत दमलेला गडी ‘आज नको’ म्हणून बसकण मारू शकतो. इथे बसकण मारली तर सहा तासांनी त्या जागेवर समुद्र असतो.

येत्या सप्टेंबरात आम्ही सहा जण अशाच एका किनाऱ्यावर जायचे म्हणतो आहोत. ठिकाण वेल्समधले पेंब्रोकशायर. मी एकसष्ट वर्षांचा, दोघे पन्नाशीतले, दोघे तिशीतले आणि एक वीस वर्षांची मुलगी, जी आमच्या सगळ्यांपेक्षा चांगली चढते. गेले आठ महिने दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या घरी बैठक होते. एवढ्या बैठका आम्ही सह्याद्रीतल्या कुठल्याही सुळक्यासाठी घेतल्या नव्हत्या. या बैठकांत कातळाविषयी जेमतेम चौथा हिस्सा बोलणे झाले असेल. बाकी सगळा वेळ चंद्र, पक्षी, लष्कर आणि घरच्यांची समजूत यांतच गेला.

इंग्लंड-वेल्सच का, असे पुष्कळांनी विचारले. आपल्याला सातशे-साडेसातशे किलोमीटरचा किनारा असताना एवढे दूर कशाला? प्रश्न रास्त आहे, त्याकडे पुढे येतो. पण समुद्रकड्यांवर चढण्याची परंपरा जिथे मुरली, तिथे जाऊन ती एकदा पाहावी, हे त्याचे पहिले उत्तर. ब्रिटनमध्ये ही आवड जुनी. विसाव्या शतकाच्या आरंभी कॉर्नवॉलमध्ये ए. डब्ल्यू. अँड्र्यूज नावाच्या गृहस्थांना या कड्यांचे वेड लागले. भरतीची रेषा आणि ओहोटीची रेषा यांच्यामधल्या पट्ट्यातून सगळ्या बेटाला प्रदक्षिणा घालावी, असे त्यांच्या मनात होते. ते अर्थातच पुरे झाले नाही. पुढे १९६६ साली स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर ‘ओल्ड मॅन ऑफ हॉय’ हा १३७ मीटर उंचीचा, समुद्रात एकटाच उभा असलेला वालुकाश्माचा सुळका ख्रिस बॉनिंग्टन, टॉम पॅटी आणि रस्टी बेली यांनी सर केला. पुढच्याच वर्षी, जुलै १९६७ मध्ये, बीबीसीने त्याच सुळक्यावरची चढाई थेट दूरचित्रवाणीवर दाखवली. दीड कोटींच्या घरात लोकांनी ती पाहिली म्हणतात. बॉनिंग्टन साहेब २०१४ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, पुन्हा तो सुळका चढून गेले. आमच्या घरी माझ्या वयाचा विषय निघाला की मी हे उदाहरण फेकतो. ‘ते बॉनिंग्टन आहेत,’ एवढेच उत्तर स्वयंपाकघरातून येते.

पेंब्रोकशायरचा कडा चुनखडीचा. आपला काळा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ही चुनखडी तीस कोटींहून अधिक वर्षांची. आपल्या कातळात भेगा कमी आणि बऱ्याचदा आंधळ्या. म्हणून मेखा आणि बोल्ट आले. चुनखडीला मात्र उभ्या भेगा भरपूर. त्यांत धातूचे पाचर अडकवायचे, दोर त्यातून घ्यायचा आणि मागून येणाऱ्याने ते पाचर काढत यायचे. कड्यावर काहीही मागे ठेवायचे नाही, चढाईसाठी बोल्ट ठोकायचे नाहीत, हा तिथल्या चढणाऱ्यांनी स्वतःच स्वतःला घालून घेतलेला दंडक. काठिण्याच्या श्रेणीही मोठ्या मासलेवाईक. ‘डिफिकल्ट’ म्हणजे सोपे. ‘व्हेरी डिफिकल्ट’ म्हणजे नवशिक्याला झेपेल असे. ‘सिव्हिअर’ आणि ‘व्हेरी सिव्हिअर’ म्हणजे मध्यम. आमच्यातल्या एकाने मार्गदर्शिका उघडून ‘यात सोपे काहीच नाही का हो?’ असे काकुळतीने विचारले, तेव्हा त्याला ही साहेबी भाषा समजावून सांगावी लागली.

आता मुहूर्ताची गोष्ट. कुठल्याही लग्नाला लागला नसेल इतका खल या मुहूर्तावर झाला.

पहिली अट पक्ष्यांची. या कड्यांच्या कंगोऱ्यांवर गिलेमॉट आणि रेझरबिल हे समुद्रपक्षी हजारोंनी घरटी करतात. घरटी म्हणायची एवढेच, कारण गिलेमॉट काडीही न आणता उघड्या कातळावर एकच अंडे घालतो. ते अंडे एका टोकाला चांगलेच निमुळते असते. त्यांच्या शेजारी लाल चोचीचे कावळे आणि बहिरी ससाणेही असतात. त्यामुळे साधारण मार्चपासून जुलैअखेरपर्यंत, काही ठिकाणी ऑगस्टच्या मध्यापर्यंत, कड्यांचे ठरावीक भाग चढाईला बंद असतात. कुठला भाग कधी बंद, हे गिर्यारोहकांची संस्था म्हणजे ब्रिटिश माउंटेनिअरिंग कौन्सिल, राष्ट्रीय उद्यानाचे लोक आणि पक्षिप्रेमी एकत्र बसून ठरवतात. एखाद्या कड्यावर पिल्ले लवकर उडून गेली तर बंदी लवकर उठवल्याचीही उदाहरणे आहेत. पोलीस उभा करावा लागत नाही. मला या गोष्टीचे कड्यांपेक्षा जास्त कौतुक वाटते.

दुसरी अट लष्कराची. इथल्या सर्वांत चांगल्या कड्यांचा मोठा भाग कॅसलमार्टिनच्या रणगाड्यांच्या सराव-मैदानात येतो. मैदान दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर आखले गेले आणि अजून चालू आहे. तांबडे निशाण वर असले की आत जायचे नाही. पूर्वेकडचा भाग गोळीबार नसेल तेव्हा खुला. पश्चिमेकडच्या भागात जायचे तर लष्कराने घेतलेल्या माहितीसत्राला आधी हजर राहावे लागते. आम्ही मुकाट्याने पूर्वेवर समाधान मानले. गोळीबाराचे वेळापत्रक आधी जाहीर होते, आणि रणगाड्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

तिसरी अट समुद्राची आणि चौथी गणपतीची. या दोन्ही एकाच पंचांगात सापडल्या.

झाले असे की एका गुरुवारी भरतीच्या वेळांचा तक्ता पसरून आम्ही डोकी खाजवत होतो. आमच्या त्या वीस वर्षांच्या मुलीची आजी त्या दिवशी तिच्याबरोबर आली होती. माहेर गुहागरकडचे. तिने थोडा वेळ ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘एवढी कसली गणितं मांडताय? तिथी सांगा, तिथी.’ आपल्या किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा तिला तोंडपाठ: तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती पूर्ण. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बारा आणि रात्री बारा. मुंबई-अलिबागच्या बाजूला हा हिशेब घड्याळाला फार मागे-पुढे जात नाही. चंद्र रोज पाऊण तासाच्या वर उशिरा उगवतो, त्याच्यामागून भरतीही तेवढीच सरकते. एवढे खगोलशास्त्र त्या पाऊणकीत बसवलेले आहे.

आम्ही आजीचा हिशेब वेल्सच्या तक्त्याशी ताडून पाहिला आणि सगळेच चकित झालो. मिलफर्ड हेवनला पौर्णिमेची भरती बाराला येत नाही, सकाळी सहा-सातला आणि संध्याकाळी सहा-सातला येते. अटलांटिकवरून येणारी भरतीची लाट प्रत्येक बंदराला आपल्या ठरलेल्या वेळी पोचते आणि हा फरक जन्मभर बदलत नाही. आजीच्या उत्तरात सहा तास मिळवायचे, वर उन्हाळी घड्याळाचा एक. की झाले! ‘म्हणजे पुनवेला दुपारी तिकडे खडखडीत ओहोटी,’ आजी म्हणाली. अगदी तेच. आपल्याकडे उधाणाच्या दिवशी भर दुपारी पाणी कड्याला भिडलेले असते. पेंब्रोकशायरला उधाणाच्या दिवशी भर दुपारी पाणी सर्वांत दूर गेलेले असते. एरवी न दिसणारे कड्याचे पायथे तेव्हा उघडे पडतात आणि ऊन लागून वाळतात. चढणाऱ्यांसाठी हे वरदानच.

मग पंचांग उघडले. पौर्णिमा अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे गणपतीचे विसर्जन करून त्याच रात्री विमान गाठायचे, की उधाणाचे दिवस पदरात पडतात. गणपतीत घर सोडल्याचे पाप नाही. मात्र पुढचे सगळे दिवस पितृपक्षाचे! आमच्यापैकी दोघांच्या घरी यावरून जे रामायण झाले ते इथे सांगत नाही. शेवटी एकाच्या वडिलांनीच तोडगा काढला. म्हणाले, ‘पितर काही तिकीट काढून वेल्सला येत नाहीत. श्राद्धाच्या तिथीला मात्र परत ये.’ त्यांच्या वडिलांची तिथी नवमी. आमचे परतीचे तिकीट अष्टमीचे ठरले. तसेही पंचमीनंतर तिथली ओहोटी संध्याकाळच्या अंधाराकडे सरकते आणि दिवस उपयोगाचा राहत नाही.

आता ज्याला आमच्या बैठकीत ‘बाराचा पाढा’ म्हणतात तो प्रकार सांगतो, कारण कोकणात पोरेबाळे घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला तो कळावा असे वाटते. ओहोटीपासून भरतीपर्यंत सुमारे सहा तास लागतात. पण पाणी सहा तास सारखे चढत नाही. एकूण चढायच्या पाण्याचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक. पेंब्रोकशायरला उधाणाच्या दिवशी ओहोटी आणि भरती यांत सहा-सात मीटरचा फरक पडतो. सहा धरू. पहिल्या तासात पाणी अर्धा मीटर वर येते. माणूस म्हणतो, वेळ आहे अजून. दुसऱ्या तासात एक मीटर. तिसऱ्या तासात दीड मीटर, चौथ्यात आणखी दीड. ज्याने पहिल्या तासावरून अंदाज बांधला त्याच्या छातीशी पाणी तिसऱ्या तासात येते. यात कुठेही लाटेची गोष्ट नाही बरे. हे नुसते शांत पाणी.

आणि लाट तक्त्यात नसतेच. तक्ता चंद्र-सूर्याचा, लाट वाऱ्याची. आपल्या डोक्यावर निळे आकाश असते, वारा पडलेला असतो, आणि दोन दिवसांपूर्वी हजार मैलांवर झालेल्या वादळाच्या लांब लाटा किनाऱ्याला येऊन भिडतात. दोन लाटांत दहा-बारा सेकंदांचे अंतर, मध्ये समुद्र निजल्यासारखा. पंधरा मिनिटे पाहून कोरडा वाटणारा कातळ सोळाव्या मिनिटाला धुऊन निघतो. म्हणून आम्ही नियम केला आहे: कड्याच्या माथ्यावरून अर्धा तास, घड्याळ लावून, नुसते खाली पाहायचे. गप्पा नाहीत, फोटो नाहीत. त्या अर्ध्या तासात पायथा एकदा जरी भिजला तरी त्या दिवशी तिथे उतरायचे नाही. कोणा एकालाही नको वाटले तरी उतरायचे नाही, आणि त्याला कारण विचारायचे नाही.

बाकीचे नियमही असेच घरगुती भाषेत लिहिलेले आहेत. उतरायचा दोर वर तसाच बांधून ठेवायचा, काढायचा नाही. चढाई फसली तर त्याच दोराला गाठी मारून वर यायचे. खाली थांबणाऱ्याने स्वतःला कातळाशी बांधून घ्यायचे, म्हणजे लाटेने ओढले तरी तो जागेवर राहील. दोराची वळकटी पिशवीत, पाण्यात लोंबती नाही. लाटांच्या गाजेत वरच्याची हाक खाली ऐकू येत नाही, तेव्हा दोराला तीन हिसके म्हणजे ‘ये वर’. ओहोटीनंतर दीड तासाने पायथ्यावर कोणीही असता कामा नये, मग वर कितीही सुंदर भेग बाकी असो.

आणि सर्वांत वरचा नियम: पोहता आलेच पाहिजे. तुम्हाला हसू येईल, पण आमच्या सहांपैकी तिघांना पोहता येत नव्हते. सह्याद्रीतल्या चढणाऱ्यांत हे सर्रास आढळते. आम्ही उंचीला सरावलेले, खोलीला नाही. त्या तिघांना मी सांगितले, ऑगस्टअखेर उघड्या पाण्यात अर्धा किलोमीटर पोहून दाखवा, नाही तर माथ्यावर बसून चहा करा. एक जण या वयात आता काय, म्हणून रागावला. रागावून दोन महिने आला नाही. आता रोज सकाळी तलावावर जातो असे कळते. दुसऱ्याने प्रयत्न केला, पाण्याचे भय जाईना. तो येणार आहे, पण उतरणार नाही. वरून दोर आणि घड्याळ सांभाळेल. माझ्या मते आमच्या तुकडीतले सर्वांत महत्त्वाचे काम त्याच्याकडे आले आहे. तिसरी ती वीस वर्षांची मुलगी. ती तीन आठवड्यांत शिकली.

तिच्याविषयी थोडे अधिक लिहायला हवे. मार्चमध्ये तिची आई मला भेटायला आली. बाईंनी कड्यांची चित्रे पाहिली, तक्ते पाहिले, दोराचा दाखला पाहिला. मग सरळ विचारले, ‘तिथे परवानगी कोणाची घ्यायची?’ मी म्हणालो, कोणाचीच नाही. तांबडे निशाण नसेल आणि पक्षी नसतील तर कडा सर्वांना खुला आहे. बाईंचा चेहरा उतरला. ‘मग भाऊ, जबाबदारी कोणाची?’

मी लगेच उत्तर दिले नाही, कारण हा प्रश्न त्या एका आईचा नाही. आपल्याकडे परवानगी आणि जबाबदारी या दोन गोष्टी आपण एकच मानून टाकल्या आहेत. कागदावर शिक्का बसला की जबाबदारी शिक्का मारणाऱ्याची. शिक्का नसेल तर कोणाचीच नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडून गेले. त्या बातमीने महाराष्ट्रातले प्रत्येक घर हादरले होते. त्यानंतर सहलींवर निर्बंध घालणारी परिपत्रके निघाली. किनाऱ्यांवर पाट्या लागल्या: पाण्यात उतरण्यास मनाई आहे. पाटी हवीच. पण पाटी वाचून कोणाला ओहोटीचे ओढते पाणी ओळखता येत नाही. एका पिढीला समुद्रापासून दूर ठेवले की पुढची पिढी त्याच्याविषयी अधिकच अडाणी होते, आणि ती कधी ना कधी, कोणी पाहत नसताना, पाण्यात उतरतेच.

ब्रिटनमध्येही असा दिवस उगवला होता. २२ मार्च १९९३ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, लाइम बे इथे, प्लिमथच्या एका शाळेची मुले छोट्या वल्हवायच्या होड्या घेऊन समुद्रात गेली. वारा फिरला, होड्या उलटल्या, वेळेवर कोणी शोधायला निघाले नाही. चार मुले गेली. चौकशीत उघड झाले की त्याच केंद्रातल्या दोन प्रशिक्षकांनी नोकरी सोडताना, सुरक्षिततेत त्रुटी आहेत, असे मालकांना लेखी कळवले होते. कंपनी आणि तिचा प्रमुख दोघेही सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरले. प्रमुख तुरुंगात गेला. १९९५ मध्ये कायदा झाला. त्या कायद्याने मुलांना समुद्रबंदी केली नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांना पैसे घेऊन असे उपक्रम करवणाऱ्यांवर परवान्याचे आणि तपासणीचे बंधन आले. कड्यावर मात्र पाटी लागली नाही. सज्ञान माणसे आपापल्या दोराने चढतात तेव्हा मृत्यूचा धोका ओळखून, आपल्या कृतीची जबाबदारी स्वतः घेऊन चढतात, असे त्यांची संस्था स्वच्छ शब्दांत सांगते. आणि तरीही कोणी अडकला तर सुटका करायला तटरक्षक दल आहे, १८२४ साली सुरू झालेली आणि देणग्यांवर चालणारी जीवरक्षक नौकांची संस्था आहे. तिच्या नौकांवरचे बहुतेक लोक स्वयंसेवक. हातातले काम टाकून धावणारी गावातलीच माणसे. अडकलेल्याला आधी बाहेर काढतात.

महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले. उपक्रम चालवणाऱ्यांनी नोंदणी करावी, प्रशिक्षित माणसे ठेवावीत, साधने तपासावीत, हे त्यातले सूत्र योग्यच आहे. माझी भीती वेगळी आहे. नोंदणीचा क्रमांक तंबूवर टांगला की पालक निर्धास्त होतात. ‘परवानगी आहे ना?’ हा आपला पहिला आणि शेवटचा प्रश्न. आज पाणी किती वाजता वर येणार, परत फिरायची वेळ कोणती, माथ्यावर कोण थांबणार, हे प्रश्न विचारायला परवाना लागत नाही, आणि ते विचारणारी आई मी पहिल्यांदाच पाहिली.

तिला मी शेवटी सांगितले ते असे: जबाबदारीचे तीन वाटे आहेत. कुठे आणि कधी उतरायचे, हे ठरवण्याची माझी. स्वतःचा दोर बांधण्याची आणि ‘नको’ म्हणण्याची तुमच्या मुलीची. आणि ती सज्ञान आहे हे मान्य करण्याची तुमची. बाई म्हणाल्या, ‘तिसरा वाटा सगळ्यात अवघड दिलात.’ ते मलाही ठाऊक आहे. मी दोन मुलांचा बाप आहे.

आता आपल्या किनाऱ्याकडे येतो. आपले समुद्रकडे का नको? खरे सांगायचे तर आपल्याकडे चढाईजोगा कडा थोडा आणि फसवा. रत्नागिरी-देवगडच्या बाजूला खाली बेसाल्ट आणि वर जांभ्याची टोपी. जांभा घराच्या भिंतीला उत्तम. चढणाऱ्याच्या हाताला वाईट. वरून कडक, आतून पोकळ, आणि पावसाळ्यानंतर कुठली ढेप कधी सुटेल याचा भरवसा नाही. हरिहरेश्वराच्या प्रदक्षिणा-मार्गावर लाटांनी कोरून काढलेला सुंदर कातळ आहे. पण तो पाहायचा, ओहोटी बघून पायी फिरायचा. तिथे भाविकांच्या वाटेवर दोर लावू नयेत असे मला वाटते.

दुसरे संकट खाऱ्या हवेचे. पर्यटनाच्या उत्साहात उद्या कोणी कोकणातल्या कड्यांवर बोल्ट ठोकून ‘रॅपलिंग पॉइंट’ काढील, तर त्याने थायलंडच्या रेलेची गोष्ट आधी ऐकावी. तिथल्या समुद्रकाठच्या चुनखडीत ठोकलेले स्टेनलेस स्टीलचे बोल्ट बाहेरून चकचकीत दिसत असतानाही आतून तडकून तुटू लागले. उष्ण, खारट, दमट हवेत पोलादाला हा रोग जडतो. अखेर टिटॅनियमचे, चिकटवून बसवायचे बोल्ट वापरावे लागले. डोंबिवलीच्या दुकानात मिळणारा बोल्ट लोणावळ्याला चालतो म्हणून दापोलीच्या कड्यावर चालेल, असे नाही.

तरीही कोकणाशिवाय आमची तयारी झाली नसती. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोनदा रत्नागिरीच्या बाजूला गेलो. चढलो नाही. एका उंच कातळावर सहा तास बसलो आणि दर पंधरा मिनिटांनी पाणी कुठपर्यंत आले ते वहीत लिहिले. एकदा अष्टमीला, एकदा पौर्णिमेला. बाराचा पाढा डोळ्यांदेखत खरा होताना पाहिला. अष्टमीच्या भांगेला पाणी आळसावून हलते, पौर्णिमेला झपाट्याने येते, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि आपण ठेवलेली खूण दिसेनाशी होताना पाहणे वेगळे. शेजारी जाळे विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या दालदी गृहस्थांनी दुसऱ्या वेळी न राहवून विचारले, ‘काय मोजता?’ सांगितल्यावर म्हणाले, ‘आमच्या पोरांना कोणी मोजायला लावीत नाही आता. ती फोनवर बघतात.’ फोनवर बघायला हरकत नाही. पण कड्याच्या बुडाशी फोन चालत नाही.

पेंब्रोकशायरच्या त्या किनाऱ्यावर ‘हंट्समन्स लीप’ नावाची एक अरुंद घळ आहे. दोन उभ्या भिंती, मध्ये पाणी, ओहोटीला तळाशी गोटे. आख्यायिका अशी की एका शिकाऱ्याने घोडा भरधाव सोडून ती घळ ओलांडली. पलीकडे सुखरूप पोचला, वळून खाली पाहिले आणि भीतीनेच मेला. जवळच कड्याच्या कुशीत सेंट गोव्हनचे इवलेसे दगडी देऊळ आहे. तिथल्या पायऱ्या उतरताना मोजल्या तर एक आकडा येतो आणि चढताना दुसरा, असे लोक म्हणतात. आपल्याकडच्या किती देवळांची हीच कथा! आमच्या यादीत ती घळ नाही. तिच्या भिंती आमच्या ताकदीबाहेरच्या आहेत. वरून पाहू, शिकाऱ्याइतका वेळ नाही पाहणार. आमचे मार्ग ‘सिव्हिअर’ ते ‘व्हेरी सिव्हिअर’. एकूण आठ निवडले आहेत, त्यांतले चार झाले तरी पुष्कळ.

व्हिसाचे अर्ज जून अखेरीस भरायचे आहेत. दोर दोन नवे घेतले. जुन्यांचे वय झाले होते. मुलीच्या आईने अजून हो म्हटलेले नाही आणि नाहीही म्हटलेले नाही. परवा तिचा फोन आला. पौर्णिमा ते पंचमी या सहा दिवसांतल्या भरती-ओहोटीच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहून द्या, म्हणाली; इथे भिंतीवर लावायच्या आहेत. मी लिहून दिल्या. आजीने त्यांच्या शेजारी पेन्सिलीने गुहागरच्याही लिहिल्या आहेत.